मैनेचं हसणं

मैना हसली, तशी वस्तीवरची सगळी माणसं दोन पावलं मागं सरकली.

देवऋषी ज्ञानूबुवानं मंतरलेला पिवळा फडका मैनेच्या नाकाशी धरला, घोडीनं मान आभाळाकडं केली, वरचा ओठ गुंडाळला आणि दात उघडे टाकून तशीच उभी राहिली. जतकडच्या त्या माळावर मेंढपाळांची सगळी वस्ती जमली होती.

"वळकलं का कारभाऱ्याला?" बुवा तानुबाईकडं वळला. "ह्यो कोंडीबा हसतोय. घोडीच्या पोटात बसलाय!"

कोंडीबा, तानुबाईचा नवरा, गेल्या सुगीत वारला होता. मैना त्याची लाडकी. मेंढरांमागं रान बदलताना सगळा संसार तिच्याच पाठीवर असायचा. धनी गेला आणि ती गरीब घोडी हळूहळू पार बदलली. घोड्यासारखी खिंकाळू लागली, माणसांवर धावू लागली, दुसऱ्या घोडीवर चढू लागली. मादीच्या अंगात नर शिरलाय, असं लोक बोलू लागले. तानुबाई सोमवार धरणारी, बिरोबापुढं रोज दिवा लावणारी बाई; पण हल्ली वात लावताना तिची नजर देवाऐवजी घोडीकडंच वळायची. आणि त्या भीतीच्या तळाशी एक चोरटी आशाही होती. धनी खरंच परत आला असला तर?

बुवाला ती आशा बरोबर सापडली होती.

"त्याला ह्याच घरात जल्माला यायचंय. वाट चुकून घोडीत शिरला. आता नदर सुनंच्या पोटावर हाय. वाट मोकळी न्हाई केली तर बाळाला गिळंल! ओम भट, ओम फट! आदी घोडीला डाग, मग सुनंला डाग!"

निखाऱ्यात विळा लाल झाला होता. तानुबाईची पोटुशी सून सोनम कुडाला पाठ लावून उभी होती, दोन्ही हात पोटावर.

"आत्ती, मला न्हाई डाग घ्यायचा. आवं, तुमी तरी बोला की."

"गप गं. बाळासाठीच चाललंय," तिचा नवरा भाऊसो म्हणाला, पण विळ्याकडं बघायचं तोही टाळत होता.

तेवढ्यात जीप येऊन थांबली. सांगलीच्या जनावरांच्या डॉक्टर ब्राह्मीताई उतरल्या. भाऊसोच्या फोनवरनं सोनमनंच त्यांना गुपचूप बोलावलं होतं.

"आलं इंग्लिश औषध!" बुवा हसला. "बाई, मंत्र येतोय का एखादा?"

"मंत्र नाही येत. घोड्यांचे आजार येतात थोडे." त्यांनी तानुबाईला नमस्कार केला. "मावशी, दिवस मावळायच्या आत मला तांब्याभर उकळलेलं पाणी द्याल? मावळल्यावर आम्ही जैन पाणी घेत नाही. नेम आहे. तोवर घोडी बघते."

ही नेमाची बाई आहे, एवढ्यानंच तानुबाईला जरा धीर आला. तिनं विळा निखाऱ्यातच कडेला सारला आणि वर पाणी ठेवलं.

मैनेला गुंगीचं इंजेक्शन दिलं. भाऊसोनं तिचं तोंड धरलं. डॉक्टरांनी खांद्यापर्यंत मोजा चढवून आतून हात घालून तपासलं, मग सोनोग्राफीच्या मशीनचा पडदा लावला. हात आत गेला तशी तानुबाईनं डोळे मिटले. आता धनी ओरडणार, असंच तिला वाटलं. घोडी नुसती फुरफुरली.

"हे बघा मावशी. एका बाजूचं अंडाशय नारळाएवढं झालंय, आत मधाच्या पोळ्यासारखे कप्पे. दुसरं सुकून गेलंय. ही गाठ आहे. अशी गाठ घोडीत क्वचितच होते. ती नराच्या अंगातला रस रक्तात सोडते, म्हणून मादी नरासारखी वागते. रक्त तपासून खात्री करू. गाठ काढली की बहुतेक घोड्या हळूहळू पहिल्यासारख्या होतात."

"मग हसली कशी?" बुवा कडाडला. "गाठ हसती व्हय?"

लोकांत कुजबुज सुरू झाली. डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "मावशी, मेंढीचा वास घेतल्यावर तुमचा मेंढा काय करतो?"

तानुबाईच्या डोळ्यापुढं मेंढा उभा राहिला. मान वर, ओठ गुंडाळलेला, दात उघडे! जन्म मेंढरांत गेला होता तिचा. हे तर रोजचं बघणं. भीतीनं तेवढंही दिसेनासं झालं होतं.

"आण रं तो फडका."

"त्याला बाईचा हात चालत न्हाई!"

तिनं तो हिसकावलाच. नाकाशी नेला. वर अत्तर, खाली मुताचा उग्र वास. शेजारच्या हंबीररावांचा घोडा खुंट्याला होता. तानुबाईनं त्याच्या नाकाशी फडका धरला.

घोडा हसला. मैनेपेक्षा झकास हसला.

"आता सांग बुवा," तानुबाई म्हणाली, "ह्यात कुणाचा बा बसलाय?"

हंबीरराव आधी फिसकन हसले, मग सगळी वस्तीच.

"माजावर आलेल्या घोडीच्या मुतात फडका भिजवायचा, वर अत्तर शिंपडायचं," डॉक्टर म्हणाल्या. "तो वास टाळूपाशी ओढून घ्यायला घोडा ओठ उचलतो. ते हसणं नव्हे, हुंगणं आहे."

बुवा कधी सटकला ते कुणी पाहिलं नाही. तानुबाई मात्र मैनेच्या मानेवर डोकं टेकून ढसाढसा रडली. कोंडीबा गेला होता. खरंच गेला होता. ते आज तिला पहिल्यांदा कळलं.

सूर्य माळावर टेकला होता. पाणी निवत ठेवलं होतं, ते डॉक्टरांनी घेतलं. तांब्यात उरलं ते तानुबाईनं तापल्या विळ्यावर ओतलं. तो चर्रकन वाजला आणि काळा पडला. सोनमनं पोटावरचे हात सोडले.

शिरवळच्या जनावरांच्या मोठ्या दवाखान्यात मैनेची गाठ काढली. पुढच्या रानाला संसार परत तिच्याच पाठीवर निघाला. मागनं भाड्याच्या जीपमध्ये बाळंतीण सोनम आणि ठणठणीत बाळ.

दिवा रोज लावावा, उपास करावा, देवापुढं डोकं टेकावं. त्यानं मन निवतं. पण देवाचं नाव घेऊन कुणी तापला विळा उचलला, तर आधी त्याचा हात धरावा, आणि जनावर असो की माणूस, दवाखाना गाठावा. जो भीती घालतो तो देवाचा माणूस नसतो.