एका गुणाची मोकळीक

थेल्मा हॅड्रिकच्या वाहन परवान्यावर नियमभंगाचे तेरा दंडगुण भरून मर्यादा गाठली, तेव्हा तिचा मुलगा डॅरेन ते पत्र नाचवतच स्वयंपाकघरात आला.

"अकरा दिवस, आई! जुने तीन गुण एकोणीस जूनला उडणार होते. तू आठ तारखेलाच कॅमेऱ्यात सापडलीस. तेही सुट्टीच्या दिवसांत, जेव्हा गुण दुप्पट लागतात."

"गुन्ह्याच्या तारखेपासून तीन वर्षं धरतात. मला मोजता येतं."

"मग गाडी मी चालवत होतो असं लिहून दे. माझा परवाना कोरा आहे."

"तू त्या दिवशी डब्बो शहरात सासऱ्याकडे होतास."

"कॅमेऱ्याला नुसती नंबरप्लेट दिसते."

"मला चालवणारी दिसत होती. माझे गुण माझेच."

पत्रात दोन वाटा होत्या. तीन महिने गाडी बंद, मग सगळं पुन्हा शून्यावर. किंवा वर्षभर चालवायचं. एक गुण माफ, दोन झाले की सहा महिने घरी. डॅरेनला तीन महिने हवे होते. तेवढ्यात तो गाडी विकून मोकळा होईल, हे थेल्मा ओळखून होती. गावाबाहेरच्या आठ म्हाताऱ्यांना ती गरम डबे पोचवायची. त्यातले पाच तिच्याहून लहान होते. तिने वर्षाचा अर्ज भरला.

आठ महिने एकही गुण लागला नाही. गुड फ्रायडेला डॅरेनने आपली गाडी तिच्या गाडीमागे आडवी लावली.

"आजपासून ईस्टरची सुट्टी, पुन्हा दुप्पट गुण. वेग पाचने चुकला तरी एकाचे दोन होतील. चार दिवस थांब."

"चार दिवस त्यांनी काय खायचं? काढ गाडी, नाहीतर कुंपणातून नेईन. स्वतःचं कुंपण तोडल्याचे गुण लागत नाहीत."

त्याने गाडी काढली आणि तिच्या शेजारी येऊन बसला.

हमरस्त्यावर शंभरची मर्यादा होती. थेल्माने काटा सत्त्याण्णववर ठेवला. मागे कॅराव्हॅन, होड्या ओढणाऱ्या गाड्या, सगळ्यांचे हॉर्न.

"आई, सतरा गाड्या तुंबल्यात. जरा दाब की!"

"तूच दाब. तुझं तोंड."

एकजण शेजारून पुढे जाताना ओरडला, "म्हातारे, घरी बस!"

थेल्माने काच खाली केली. "तू बस!"

पहिला डबा द्यायच्या घराचं फाटक अजून दोनशे मीटरवर होतं. तिने आताच वळण्याचा दिवा लावला आणि, सगळी रांग मागे खोळंबलेली असताना, वेग सावकाश कमी करायला घेतला.