शालीचा हिरवा

“ही शाल कुणाची गं?” उघड्या कपाटापाशी उभं राहून मास्तरांनी विचारलं.

“आईची. दुसऱ्या कुणाची असणार?” लेक स्वयंपाकघरातूनच म्हणाली.

“आईची हिरवी होती. ही तर निळी आहे.”

आत भांड्यांचा आवाज थांबला. लेक हात पुसत बाहेर आली आणि बापाच्या तोंडाकडे नुसती बघत राहिली. मास्तरांना काय कळायचं ते तिथेच कळलं.

उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढल्यापासून स्वारी भलतीच खुशीत होती. “अगं, आपली भिंत पांढरी आहे की! मला वाटायचं, चुना पिवळा पडलाय,” असं येईल-जाईल त्याला सांगत होते. मोतीबिंदू असा गुपचूप पिकतो. डोळ्यावर पिवळी काच चढत जाते आणि ज्याचा डोळा, त्यालाच पत्ता लागत नाही. त्यातून हा डोळा कापड रंगवण्याच्या कारखान्यातल्या मास्तरांचा. रंगवलेलं कापड नमुन्याशी जुळलं की नाही, हे सांगण्यात त्यांचा जन्म गेला होता. खिशात करड्या कापडाचा एक तुकडा कायम असायचा. लाल बघून आलेल्या डोळ्याला पांढरंही हिरवट दिसतं, म्हणून आधी करड्याकडे बघायचं, डोळा धुऊन घ्यायचा आणि मगच रंगाकडे वळायचं. पोरं चेष्टा करायची, “मास्तर, साबण देऊ का?” पण मास्तरांनी मान हलवल्याशिवाय माल बाहेर पडत नसे. कामात त्यांची चूक कधी निघाली नाही, कारण नमुना आणि कापड शेजारी ठेवलं की पिवळी काच दोघांवरही सारखीच. शालीला मात्र नमुना नव्हता.

बायको अंथरुणाला खिळली तेव्हा तिला आपल्या आईची शाल आठवू लागली. कसर लागून ती कधीच गेली होती. “कोवळ्या पानासारखा हिरवा होता बघा. तस्सा करून द्याल? आजवर काही मागितलंय का मी?” खरंच नव्हतं मागितलं. मास्तरांनी पांढरी लोकरी शाल आणली आणि आठवणीवरून स्वतःच्या हातानं रंगवली. दिव्याखाली रंग फसवतो, म्हणून भर उन्हात खिडकीशी नेऊन तिच्यापुढे धरली. ती बराच वेळ बघत राहिली. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “अगदी आईचीच,” ती म्हणाली. ते पाणी मास्तरांनी कौतुकाचं धरलं आणि कारखान्यात चार लोकांना सांगितलंसुद्धा. ती गेली, तेव्हा तीच शाल तिच्या अंगावर होती.

“तुला ठाऊक होतं?” मास्तरांनी विचारलं.

“पहिल्या दिवसापासून. मी म्हटलं, बाबांना सांगते, परत रंगवतील. तर आई म्हणाली, ‘खबरदार! नजर चुकली असं कळलं ना, तर माणूस हाय खाईल. मला काय, ऊब तीच.’”

मास्तर शाल घेऊन खाटेवर बसले. साऱ्या दुनियेला हवा तो रंग काढून दिला, आणि घरच्या माणसानं जन्मात एकदा मागितला तर तिच्या पदरात हे निळं टाकलं. वर शाबासकीही घेतली. त्यांना स्वतःची विलक्षण लाज वाटली.

“आता बरोबर करून घ्या ना, बाबा.”

“कुणाला पांघरायला?”

दुपारी लेकीनं त्यांच्या उजव्या डोळ्यात औषधाचे थेंब टाकले. तो डोळा मिटून ते बसले, शाल मांडीवरच होती. सहज डाव्या डोळ्यानं खाली बघितलं, तर शाल हिरवी. कोवळ्या पानासारखी, त्यांनी खिडकीशी धरली होती तश्शी. मास्तर बघत राहिले. पुढे थेंबांची वेळ झाली की ते स्वतःच शाल घेऊन बसू लागले.

डावा डोळा करायचा राहिला होता. मास्तर आज सर्दी, उद्या काम, असं करत तो पुढे ढकलत होते. शेवटी लेक वैतागली. “एका डोळ्याला निळं, दुसऱ्याला हिरवं. कारखान्यात कुठल्या डोळ्यानं सांगणार? आणि परवा जिन्यात पडता पडता वाचलात. आईनं मरेपर्यंत तुमची नजर जपली, बाबा. आता तुम्ही जपा.” मास्तरांनी ऑपरेशनची तारीख घेतली.

ऑपरेशनच्या सकाळी ते शाल घेऊन खिडकीशी गेले. ऊन चांगलं पडलं होतं. खिशातला करडा तुकडा काढून सवयीप्रमाणे डोळे धुऊन घेतले. मग उजव्या डोळ्यावर तळहात दाबून धरला आणि शाल उन्हात पसरली.

“बघ गं,” ते हळूच म्हणाले.

“बाबा, गाडी आली!” लेकीनं खालून हाक मारली.

“आलो.”

तळहात डोळ्यावरून न काढता त्यांनी एकाच हातानं शालीची घडी घातली. घडी वाकडी झाली. ती त्यांनी तशीच कपाटात ठेवली, चाचपडत दार लावलं, आणि मग डोळ्यावरचा हात काढला.