पाचवीची खुर्ची आणि वाकडी गादी

मित्रांनो, बसा, पण जरा बेताने. मी एक जुनी खुर्ची आहे. पाचवीच्या वर्गात, खिडकीजवळच्या रांगेत माझी जागा आहे. माझा एक पाय अंमळ आखूड आहे, म्हणून मी डुलते. आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर लोक दचकतात आणि खापर माझ्यावर फोडतात.

ज्या सुताराने मला घडवलं, तो मोठा विचारी माणूस होता. लाकडाला हात लावण्याआधी तो वर्गात आला आणि मुलांच्या गुडघ्यापर्यंतची मापं घेऊन गेला. "या वयाच्या पोरांची खुर्ची करायची म्हणजे डोक्याला ताप," तो म्हणाला. "शाळा सुरू होते तेव्हा पाय लोंबकळतात, आणि वर्ष सरताना गुडघे टेबलाला आपटतात. अधलंमधलं माप धरतो झालं." तेव्हापासून मी कुणालाच धड मापाची होत नाही आणि तरीही सगळ्यांना चालते. पाचवीचं वर्षही असंच असतं बरं का.

नवी होते तेव्हा माझ्यावर बसायला भांडणं व्हायची. मग पाय बिघडला आणि माझी रवानगी अडगळीच्या खोलीत झाली. तिथे धूळ खात पडले होते. एके दिवशी शिपाईकाकांनी मला उचललं, पायाखाली लाकडाची एक पातळशी चकती ठोकली आणि म्हणाले, "पाठ एवढी भक्कम आहे, पायापायी कशाला फेकायची?" त्यांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

आमच्या वर्गाच्या बाईंची एक रीत आहे. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक मुलाने आपल्या खुर्चीची गादी स्वतः शिवायची. घरून जुनं कापड आणायचं, आत चिंध्या भरायच्या, हाताने टाके घालायचे. वर्षभर त्याच गादीवर बसायचं आणि शेवटी ती घरी न्यायची. त्या गाद्या म्हणजे काय वर्णाव्यात! कुणाची तिरकी, कुणाची फुगलेली, एकीतून तर चिंध्या बाहेर डोकावतात. पण मला त्या फार आवडतात. मुलांचा हात माझ्या अंगाला कळतो.

त्या वर्षी माझ्यावर जी मुलगी बसायची, तिला घरी सगळे मुंगी म्हणायचे. वर्गातही तेच नाव पडलं. तिची आई शिवणकाम करायची. गावभर तिच्या हाताचं नाव होतं. एक टाका इकडचा तिकडे व्हायचा नाही.

पहिल्या पालकसभेत बाईंनी सगळ्या आईबाबांना आमच्या छोट्या खुर्च्यांवर बसवलं. त्यांचे गुडघे हनुवटीला टेकायला आले होते. बाई म्हणाल्या, "या वर्षी तुमची मुलं थोडी बदलतील. बोट सोडतील. फाटकापर्यंत आलात तर म्हणतील, तू इथूनच जा. अपूर्णांक आले की रडतील. मैत्रीण रुसली तर जेवणार नाहीत, आणि का ते सांगणारही नाहीत. डबा विसरतील, पेन हरवतील. घाबरू नका. त्यांचं काम मात्र त्यांनाच करू द्या, वाकडंतिकडं का होईना."

"आमची मुंगी तशी नाही हो," आई हसून म्हणाली. मी मनात म्हटलं, झालं! दर वर्षी सगळे हेच म्हणतात.

मुंगीने गादी शिवायला घेतली. जीभ दातांत धरून, बोटाला सुई टोचवून घेत तिने ती पुरी केली आणि आईला दाखवायला मोठ्या हौसेने घरी नेली. दुसऱ्या दिवशी ती गादी घेऊन आली. माझ्यावर ठेवली आणि मी चपापले. टाके सरळ, कोपरे टोकदार, मशीनची बारीक टीप. हा हात तिचा नव्हताच!

सगळा वर्ग "वा! वा!" करू लागला. मुंगी गादीकडे बघतही नव्हती. शेजारच्या खुर्चीवर तिची मैत्रीण बसायची, तिला सगळे बडबडी म्हणायचे. मधल्या सुट्टीत तिच्या कानात मुंगी म्हणाली, "मी झोपले होते तेव्हा आईने सगळं उसवलं. म्हणाली, अगं, लोक काय म्हणतील, शिंपिणीच्या पोरीची गादी अशी?" आणि ती रडली. ते गरम पाणी माझ्या पाठीवर पडलं.

मित्रांनो, आईचं काही वाईट मनात नव्हतं. माया होती, जरा जास्तच होती. पण त्या दिवसापासून मुंगीने गादी टेबलाखाली सरकवली आणि ती नुसत्या लाकडावर बसू लागली. बाईंनी प्रश्न विचारला की हात वर करायची नाही. चित्र अर्धं सोडायची. "पुढे काय करणार?" असं विचारलं तर म्हणायची, "आईला विचारते." माझा जीव तुटायचा. हे पोर आपल्या हातांवरचा विश्वासच हरवून बसलं होतं, आणि मी पडले लाकडाची. काय करणार?

बाईंच्या लक्षात आलं होतं. पुढच्या पालकसभेला त्यांनी नवा नियम सांगितला. पालकांनी मुलाच्या खुर्चीवर बसायचं. मुलाने समोर उभं राहून आपलं आपण सांगायचं, काय येतं आणि काय येत नाही. पालकांनी तोंड उघडायचं नाही.

मुंगीची आई माझ्यावर बसली. मुंगी समोर उभी राहिली. कितीतरी वेळ ती आपल्या चपलांकडेच बघत होती. आईला राहवेना. "सांग ना बाळा, अपूर्णांक..."

"आई," बाई हळूच म्हणाल्या, "तिला बोलू द्या."

आईने ओठ मिटले. मी डुलू नये म्हणून श्वास रोखून उभी होते. मुंगीने वाकून टेबलाखालची गादी काढली आणि आईच्या मांडीवर ठेवली.

"ही माझी नाही. ही तुझी आहे," ती म्हणाली. "माझी वाकडी होती. पण माझी होती."

आईने त्या सुबक टाक्यांवरून हात फिरवला, आणि डोळे पदराने पुसले. मग म्हणाली, "चुकलंच माझं. परत शिवशील?" मुंगीने मान हलवली.

दुसरी गादी तिने वर्गातच शिवली. पहिलीपेक्षाही वाकडी! शेवटची गाठ आत लपवायची, तर ही भलीमोठी गाठ वरच राहिली. पण त्या आठवड्यात मुंगीने अपूर्णांकाच्या तासाला हात वर केला. उत्तर चुकलं. तिने पुन्हा हात वर केला!

वर्षाच्या शेवटच्या सभेला आई परत माझ्यावर बसली. गाठ तिला टोचली असणार, कारण तिचा अंगठा आपसूक तिथे गेला. शिवणकाम करणारी माणसं पिशवीत कात्री घेऊनच हिंडतात. मुंगी बघत होती, मीही बघत होते. आईने त्या गाठीवर दोनदा थोपटलं आणि हात मांडीवर घेतला.

"बरी आहे ना गादी?" बाईंनी विचारलं.

आईने तोंड उघडलं, मग मिटलं आणि लेकीकडे पाहिलं.

"थोडी टोचते," मुंगी म्हणाली. "पण राहू दे."

मुंगी आता वरच्या वर्गात गेली. हल्ली माझ्यावर बडबडीचा धाकटा भाऊ बसतो. बहिणीपेक्षा सवाई बोलतो. त्यानेच परवा सांगितलं की मुंगीच्या आईकडे तो विजार शिवायला टाकायला गेला, तर शिलाई मशीनच्या खुर्चीवर एक वेडीवाकडी गादी होती. एक गिऱ्हाईक बाई हसून म्हणाली, "अहो, तुमच्याकडे आणि अशी गादी? दोन टाके घालून सरळ करा की." मुंगीची आई म्हणाली, "तिला हात लावायचा नाही. माझ्या मुलीने शिवलीय."

मित्रांनो, माझं सांगून झालं. तुमची गादी तुम्हीच शिवा, आणि टोचली तर टोचू द्या. आईबाबांनाही माझा निरोप द्या. म्हणावं, पाचवीच्या वर्षात हात आवरा, पण दूर जाऊ नका, जवळच बसा. मीही इतकी वर्षं तेवढंच करते आहे. मुलं आपली आपण वाढतात, मी फक्त खाली उभी असते.