घरचा विरोधी पक्ष

सभागृहात तिला सगळे ‘तोफ’ म्हणत. आधी वकिली, मग आमदारकी. तिनं तोंड उघडलं की भल्याभल्यांची बोलती बंद. पण या तोफेत दारूगोळा भरायची आई. पहिल्या खटल्यापासून घरात रिवाजच पडला होता: उद्या जे मांडायचं ते आज ओट्याशी आईसमोर मांडायचं, आणि आईनं समोरच्या पक्षाचा वकील होऊन त्याच्या चिंधड्या उडवायच्या. जन्मभर वर्गातली पोरं सरळ केलेली बाई ती, तिला कोण आवरणार!

आत्ताचं विधेयक मात्र लेकीच्या अगदी जिव्हाळ्याचं होतं. म्हाताऱ्या आईबापांना मुलांनी घरीच सांभाळायचं. ते वृद्धाश्रमात राहिले तर मुलांना शिक्षा. आज समितीपुढे शेवटची सुनावणी होती. इथे समिती फिरली, की सगळी मेहनत पाण्यात.

“विरोधी बाजूची शेवटची साक्षीदार,” कारकुनानं पुकारलं, आणि दारातून आई आत आली.

तोफेच्या तोंडचं पाणी पळालं. सकाळी हिनंच तर चहा करून दिला होता! तेव्हा चकार शब्द काढला नाही बाईनं!

“मी हिची आई,” आईनं खुर्ची पुढे ओढली. “दिवसभर मी भिंतींशी बोलते. ही येते तीही भाषण घेऊन. परवा सरावात मी हिला म्हटलं, मला तुझ्या घरात नाही राहायचं गं, माझ्या वयाच्या माणसांत राहायचंय. तर ही म्हणते, ‘झकास, आई! अजून थोडं रडून दाखव.’”

सगळे हसले. लेकीला कानफटात बसल्यासारखं झालं. आईचे डोळे तेव्हा खरंच भरले होते, आणि हिला वाटलं होतं, काय नाटकी आहे म्हातारी! स्वतःची इतकी लाज तिला आजवर कधी वाटली नव्हती.

“साक्षीदाराला काही विचारायचंय?” अध्यक्षांनी विचारलं.

ती कशीबशी उभी राहिली.

“आई, अगं, मला हरवायला आलीस?”

“हरवायला कशाला येऊ, वेडे?” आई म्हणाली. “वृद्धाश्रमात खोली घेतलीय मी. सोमवारी जातेय, आता काही झालं तरी जाणार. तुझा कायदा झाला तर शिक्षा तुलाच होईल, म्हणून आले.”