परातीतला श्वास

"हात, पाय आणि श्वास हे तीन भाऊ आहेत, ताई. वेगळे राहतात तोवर गोडीगुलाबी. एका घरात आणले की भांडणं," दिनानाथ म्हणाले. स्टुलावर पालथ्या झोपलेल्या निवेदिताताईंच्या तोंडापुढे त्यांनी पाण्याची परात सरकवली. "तोंड पाण्यात. हात ओढा, मान वळवा, श्वास घ्या. पाय चालू ठेवा."

"सर, पायाकडे ध्यान दिलं की हातच विसरते मी."

"सगळ्यांचं तेच होतं. चलो, फिरसे."

सुदामा नगरातल्या क्लबच्या तलावावर दिनानाथ बावीस वर्षं नवशिक्या बायकांची बॅच घेत होते. परातीची युक्ती त्यांचीच. त्याच बॅचमध्ये शिकायला आलेल्या अरुंधतीचे हातपाय महिनाभर एकमेकांशी बोलायला तयार नव्हते. तिलाही त्यांनी असंच तरवलं होतं. पुढे मदतीला घेतलं, कोचच्या परीक्षेचा फॉर्मसुद्धा स्वतः आणून दिला.

त्या दिवशी बॅच सुटल्यावर सेक्रेटरी शामजींनी ऑफिसात बोलावून एक अर्ज पुढे केला. परातीची पद्धत हास्यास्पद आहे, बॅच सर्टिफिकेटवाल्या कोचला द्यावी, असं त्यात लिहिलं होतं. खाली सही अरुंधतीची; सर्टिफिकेट नुकतं तिलाच मिळालं होतं.

"क्या करें भिया, कमिटीचं डिसीजन झालं," शामजी खाली बघत म्हणाले.

'हास्यास्पद' हा शब्द दिनानाथांच्या जिव्हारी लागला. राग आलाच, पण त्याहून जास्त लाज वाटली. इतकी वर्षं जवळ असलेलं माणूस आपल्याला ओळखता आलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी अरुंधतीचा फोन आला.

"सर, बायकांना हात, पाय, श्वास एकत्र जमतच नाहीये. एकदा दाखवून जा ना. साडेपाचला या, मेंबर लोक सहाला येतात."

फोन आपटावा असं त्यांना वाटलं. "निवेदिताताई येतात का अजून?" त्यांनी विचारलं.

"येतात. काल नाकात पाणी गेलं, तर म्हणे सोडूनच देते."

दिनानाथ गेले. आधी स्टुलावर, मग पाण्यात, अर्धा तास त्यांनी निवेदिताताईंवर घालवला. शेवटी ताईंनी पाय न टेकता तलावाची रुंदी पार केली. काठ धरून त्या धापा टाकत हसल्या.

"सर, आता उद्यापासून येणार ना? मॅडम म्हणाल्या होत्या, तुम्ही आपणहून सोडलं."

दिनानाथांनी अरुंधतीकडे पाहिलं.

"सर बाहेरगावी चाललेत, ताई," ती घाईने म्हणाली. फाटकाशी स्कूटर थांबल्याचा आवाज आला. मग त्यांच्याजवळ येऊन ती हळूच म्हणाली, "सर, लोक यायला लागले. मागच्या गेटने जाल का? बुरा मत मानना."

निवेदिताताई अजून उत्तराची वाट बघत होत्या.

"हो, थोडे दिवस बाहेर आहे," दिनानाथ म्हणाले. "तुम्ही मात्र खाडा करू नका."

मागच्या गेटाबाहेरच्या पायरीवर ते बसले. ओल्या पायांवर मोजे चढेनात. दोन्ही मोजे त्यांनी खिशात कोंबले, तसेच बूट घातले आणि घराकडे चालू लागले.