नंबरप्लेटचा दिवा

“हा बोल्ट नुसता रुसलाय की खरंच मेलाय, ते आधी बघू,” असं म्हणत लिफ्टवाले काका पाठीवर झोपून जीपखाली सरकले.

“मेलाच असणार,” डॉक्टर बाहेरून म्हणाला. “सकाळपासून लोंबकळतोय मी त्याच्यावर. बाकीचे मुकाट निघाले, हा एकच दाद देत नाही.”

“डॉक्टरांनीच मेला म्हटल्यावर आम्ही काय बोलणार?”

“मी जनावरांचा डॉक्टर, काका. बोल्टांचा नाही.”

“मग त्याची नाडी कशाला बघत बसलात? आधीच फोन नाही का करायचा?”

हे शेवटचं काका हसत बोलले खरे, पण बोलल्यावर त्यांचं त्यांनाच वाटलं, की ते जरा जास्तच मनापासून निघालं. तोंड जीपखाली होतं, तेवढं बरं झालं.

वर्षभरापूर्वीपर्यंत ही जीप त्यांचीच होती. बायको गेल्यावर त्यांनी काही दिवस ती चालवून पाहिली. पण वळण घेताना नजर शेजारच्या सीटकडे जायची आणि सीट रिकामी दिसली की रस्ता चुकायचा. शेवटी पलीकडच्या गल्लीत नव्याने राहायला आलेल्या या डॉक्टरला त्यांनी ती विकली. त्याला ओढ्यातून, नांगरलेल्या रानातून, जिथे रस्ता म्हणून नाही तिथे जावं लागे. मध्यंतरी एका रेड्याने जीपला मागून अशी धडक दिली, की बंपर दुमडून आत गेला. “सुई त्याला टोचली, कळ गाडीला आली,” असं डॉक्टर ज्याला त्याला सांगायचा. म्हणून त्याने आता जाड पोलादी बंपर मागवला होता. तो अंगणात खोक्यातून अर्धा बाहेर येऊन पडला होता, नवा कोरा, काळाभोर.

“अहो, हा उलटा आहे,” काका खालून म्हणाले. “मीच आतून घातला होता. तुम्ही बाहेर नट फिरवताय आणि आत बोल्ट त्याच्याबरोबर गरागरा फिरतोय. आतून एकाने पाना धरायचा, बाहेरून दुसऱ्याने फिरवायचा. एकट्याचं काम नाही हे.”

“तुमच्या वेळी आतून कोण धरायचं?”

“आमची ही.” काकांनी आतून पाना बोल्टावर बसवला. “घट्ट धरायची हो. सोड म्हटल्याशिवाय सोडायची नाही. हं, लावा जोर.”

बोल्ट आधी किंचाळला, मग कुरकुरला आणि शेवटी निमूटपणे बाहेर आला. जुना बंपर धप्पकन गवतात पडला. त्याच्या एका कोपऱ्याला रेड्याच्या कितीतरी आधीची एक लहानशी चेप होती. डॉक्टरची बायको हात पुसत बाहेर आली होती, तिने ती पाहिली.

“ही पण रेड्यानेच का?”

“नाही. ती आमच्या हिने. मी मागे उभा राहून येऊ दे, येऊ दे म्हणत होतो, आणि खांब माझ्याही मागे होता.”

डॉक्टरची बायको इतकी हसली, की काकांना ती गोष्ट पुन्हा एकदा पहिल्यापासून सांगावीशी वाटली.

नवा बंपर उचलायला तिघंही लागले. तो जॅकवर फळी ठेवून त्यावर चढवला, आणि जॅक हळूहळू वर घेत भोकं भोकांसमोर आणली. डॉक्टर लगेच पाना घेऊन पुढे झाला.

“घाई नको. आधी सगळे बोल्ट हाताने,” काका म्हणाले. “एकच आधी आवळलात तर बाकीचे तोंड फिरवतात.”

“आमच्या घरासारखंच झालं हे,” डॉक्टर म्हणाला.

“काका, यांना खाली झोपवा आणि वर बंपर सोडा,” त्याची बायको म्हणाली.

दुपारी तिने काकांनाही आत जेवायला बसवलं. तिघांची ताटं एकाच टेबलावर होती. बोलता बोलता एकमेकांच्या पुढ्यातून भांडी सरकत होती, डॉक्टर एका शेळीची नक्कल करत होता, त्याची बायको त्याला ‘तोंडात घास असताना नको’ म्हणत होती. काका हळूहळू जेवले. घरी ते ओट्यापाशी उभ्यानेच जेवत. बसून जेवायचं म्हणजे समोर बघावं लागतं, आणि समोर भिंत होती.

लिफ्टवाले काका हे नाव त्यांना नोकरीने दिलं होतं. सारी हयात त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या. अशा माणसाला कोणी सहज बोलावत नाही. दोन मजल्यांच्या मधे कोणी अडकलं, की त्याची आठवण होते, आणि दार उघडलं की विसर पडतो. यात कुणाचा दोष नाही. नीट चालणाऱ्या लिफ्टकडे बघून ‘चला, त्या माणसाला आज चहाला बोलावू’ असं कोण म्हणेल? त्यांच्याबरोबर काम करणारा एक जण होता, त्याला सगळे गोगलगाय म्हणत. तो प्रत्येक दुरुस्तीत काहीतरी बारीकसं राखून ठेवायचा. “सगळं एकदम नीट केलं, तर पुन्हा आपल्याला विचारतो कोण?” असं त्याचं म्हणणं. काकांनी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. माणसाने आपल्या हातचं काम अर्धं सोडू नये, एवढं एकच तत्त्व त्यांनी आयुष्यात धड पाळलं होतं.

जेवणानंतर बोल्ट आवळून झाले. काम आता संपत आलं होतं, आणि काकांना ते कळत होतं. नंबरप्लेटवरचा दिवा तेवढा राहिला होता. तो नव्या बंपरवर बसवून त्याची वायर मागच्या वायरीला जोडायची, आणि जोडावर पाणी जाऊ नये म्हणून रबरी टोपी चढवायची. चिमूटभर काम. तेवढ्यात डॉक्टरला फोन आला. कुठेतरी एक गाय अडली होती. तो बॅग भरायला आत धावला, त्याच्यामागे त्याची बायको पाण्याची बाटली भरायला गेली.

काका अंगणात एकटे राहिले.

आधी त्यांनी प्रत्येक बोल्टला पुन्हा पाना लावून पाहिला. एकही हलला नाही. बोल्टाच्या बाबतीत त्यांच्या मनात वेडंवाकडं आलं नाही, येणं शक्यच नव्हतं. मग त्यांनी दिवा बसवला. वायरीची दोन टोकं हातात घेतली. बोटांनी ती जवळ आणली आणि जवळ आणलेली तशीच धरून ठेवली. उद्यापासून फोन वाजायचं काही कारण उरणार नव्हतं. आतून भांड्यांचा आवाज येत होता.

काकांनी टोकं न जोडता वर, बंपरच्या आड सारली. रबरी टोपी सदऱ्याच्या खिशात टाकली.

“झालं सगळं?” डॉक्टर पायऱ्या उतरत म्हणाला.

“झालं.”

“काका, तुम्ही होतात म्हणून. नाहीतर मी तो बोल्ट म्हातारपणापर्यंत फिरवत बसलो असतो.”

“काही वाटलं तर फोन करा,” काका म्हणाले. “अगदी बारीकसारीक असलं तरी. संकोच नको.”

आणि मग ते फोनची वाट बघू लागले.

पहिल्या संध्याकाळी त्यांना खात्रीच होती. अंधार पडेल, गाडी परत येईल, दिवा लागत नाही हे दिसेल. त्यांनी दाढी केली. पान्यांची पिशवी दाराजवळच ठेवली होती. दुसऱ्या दिवशी अंघोळीला जाताना फोन बाहेर स्टुलावर ठेवला आणि नळ बारीक सोडला. फोन वाजला तेव्हा ते अंगावरचा साबण तसाच ठेवून बाहेर आले. दुसऱ्या गावी राहणारी त्यांची लेक होती.

“बाबा, एका रिंगमधे उचललात? एरवी मी दहादा करते तेव्हा कुठे! कुणाची वाट बघत होतात?”

“कुणाची बघणार गं? जवळच होतो.”

“आवाज कसा येतोय? बरं आहे ना सगळं?”

“साबण गेलाय डोळ्यात.”

आठवडा गेला, दुसराही गेला. डॉक्टरच्या लक्षात आलं नसेल का? काकांना आता नवीच काळजी लागली. मागची नंबरप्लेट अंधारात असली तर त्याला कोणी रस्त्यात अडवेल, बोलणी बसतील. आपण होऊन जावं आणि सांगावं, असं त्यांनी दोनदा ठरवलं. दोन्ही वेळा चपला घातल्या. पण काय सांगायचं? दाराजवळची पिशवी पुन्हा कपाटात गेली. टोपी मात्र खिशातच राहिली, एका सदऱ्यातून दुसऱ्या सदऱ्यात.

मग एका संध्याकाळी, दिवेलागणीला, औषधाच्या दुकानासमोर त्यांना जीप उभी दिसली. इंजिन चालू होतं. चाकांना चिखल होता, नव्या बंपरवर एक ओरखडाही उठला होता. आणि नंबरप्लेटवरचा दिवा लख्ख लागला होता.

“काका!” डॉक्टरची बायको दुकानातून औषधाची पिशवी घेऊन येत होती. “किती दिवसांनी! तब्येत बरी ना?”

“बरी आहे. दिवा...” काका बोलून गेले. “दिवा लागतोय वाटतं.”

तिचा चेहरा जरासा बदलला. लहान मुलाला लागेल असं काही बोलायचं टाळताना होतो, तसा झाला.

“लागतो की. का हो?”

“नाही. आधीपासून लागतोय?”

ती जवळ येऊन म्हणाली, “आता विचारलंतच म्हणून सांगते हं, पण मनाला लावून घेऊ नका. तो जोडायचा राहिला होता. त्याच रात्री यांच्या लक्षात आलं, पाच मिनिटांत लावला त्यांनी. मीच म्हटलं, काकांना सांगू नका, उगीच हळहळत बसतील. माझ्या बाबांचंही शेवटी असंच व्हायचं. गॅस बंद करायचे विसरायचे, आणि कोणी दाखवून दिलं की दोन दिवस बोलायचे नाहीत.”

‘विसरलो नाही, मुद्दाम केलं’ असं म्हणणं अजून काकांच्या हातात होतं. त्यांनी ते वाक्य मनात लावून पाहिलं.

“विसरलो बघा,” ते म्हणाले. “वय झालं.”

“चालायचंच हो! गंमत सांगू? त्याच्या दुसऱ्याच दिवशी तुम्हाला जेवायला बोलवायचं ठरलं होतं आमचं. सहज. यांना तुमची ती खांबाची गोष्ट फार आवडली. पण हे म्हणाले, लगेच बोलावलं तर काकांना वाटेल, दिव्याचं दाखवायलाच बोलावलंय. म्हटलं, जरा जाऊ दे. आणि मग राहूनच गेलं. या ना कधीतरी!”

“येईन. येईन ना.”

“नक्की हं. निघू? यांना सर्दीने बेजार केलंय, हे औषध दिलं की झोपतील.”

“एक मिनिट,” काका म्हणाले.

जोड उघडाच असणार, हे त्यांना ठाऊक होतं. ओढ्यातून एकदा खोल पाण्यात गाडी गेली असती, की दिवा विझला असता. आज ना उद्या विझलाच असता. मग कदाचित फोन आला असता. हेही सगळं त्यांच्या मनात आलंच. ते गुडघ्यावर हात टेकून खाली बसले, खिशातून रबरी टोपी काढली आणि बंपरच्या आड हात घालून, न बघता, जोडावर ती नीट चढवली. बोटाने सगळीकडून दाबून पाहिली.

“हे काय होतं?”

“राहिलं होतं माझ्याकडे,” काका उठत म्हणाले. “आता पाणी जाणार नाही. आता काहीच राहिलं नाही.”

ती गाडीत बसली. पुढे एक टेम्पो उभा होता, गाडी मागे घ्यावी लागणार होती. काका जीपच्या मागे जाऊन उभे राहिले. आधी त्यांनी वळून आपल्या मागे खांब आहे का पाहिलं, आणि हात वर केला.

“येऊ द्या,” ते म्हणाले. “येऊ द्या... येऊ द्या...”

दिव्याचा उजेड त्यांच्या सदऱ्यावर, रिकाम्या खिशावर पडला आणि जवळ येत मोठा होत गेला.

“बस,” काका म्हणाले. “आता जा.”