कुंकवाखालच्या ओळी

"तो विचारते, हे रगत हाय का?"

हिरालालने पत्रावरच्या लाल डागाकडे बोट दाखवलं. गोऱ्या फिटरने कागद टेबलावर पसरला होता आणि वाऱ्याने उडू नये म्हणून कोपऱ्यावर पाना ठेवला होता.

"रगत कायले रायते?" रुखमा म्हणाली. "कुंकू होय थे. सांग त्याले."

हिरालालने इंग्रजीत सांगितलं. फिटरने मान हलवली, पण त्याच्या कपाळावरची आठी गेली नाही. पत्राला कोणी कुंकू लावतं, हे त्याच्या डोक्यात शिरणं कठीणच होतं.

चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत नवं यंत्र बसवायला तो इटलीहून आला होता. हिरालाल मूळचा दिघोरीचा, मॅट्रिक होऊन खाणीत सुपरवायझर झालेला. त्याच्याच सांगण्यावरून रुखमा आणि तिचा धाकटा दीर तुलाराम तीन एसट्या बदलून, जिल्ह्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, या गेस्ट हाउसच्या ओसरीवर येऊन बसले होते.

रुखमाचा नवरा गोमाजी दुसऱ्या महायुद्धात लढाईवर गेला तेव्हा त्यांच्या लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. तो आफ्रिकेत कैद झाला, तिथून इटलीच्या छावणीत नेला, एवढं सरकारने कळवलं. मग 'बेपत्ता' म्हणून एक कागद आला. लढाई संपल्यावर हे पत्र आलं. गावात इंग्रजी जाणणारे एकटे केशवराव गुरुजी. सासू त्यांच्यासमोर पदर पसरून बसली. गुरुजींनी पत्र उलटसुलट करून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "माय, पोरगं खुशाल हाय तुयं. सवड भेटली का येतो मनते."

सासूने पत्र थेट देव्हाऱ्यात ठेवलं. दसऱ्याला विळा, वखर, पायली यांच्याबरोबर त्याचीही पूजा होऊ लागली. "ज्याच्या नावाचं कुंकू, तिनंच लावावं," असं सासूचं म्हणणं. रुखमा आधी ओल्या हळदीचं बोट टेकवायची, मग कुंकवाचं. नेमकं मधोमध, देवाच्या कपाळाला लावावं तसं. सरकारने गोमाजीला मेला धरून पेन्शन देऊ केली, तेव्हा सासूने कागद परत पाठवला. जित्या लेकाची पेन्शन कायले? पुढे सासू गेली, गुरुजी गेले. रुखमाचं कुंकू राहिलं.

तिला मूलबाळ नाही. तुलारामची उषा रांगायला लागली तेव्हा तिची आई तापाने गेली आणि पोर रुखमाच्या कुशीत आली. त्या उषाचं साक्षगंध या माघात झालं. जेवणं आटोपल्यावर नवऱ्या मुलाची आत्या कुंताबाई सुपारी कातरत म्हणाली, "पोरीले पयली हळद कोन लावन जी?"

"वहिनी लावन," तुलाराम म्हणाला. "तिनंच वाढवली."

"थे खरं हाय. पर बाईचा मालक कुठी हाय मनलं?"

"इटलीले."

"जिता हाय तं आला काहून नाई? आमच्या घरची सून हाय बापा ते. पयली हळद सवाष्णीच्याच हातची पाहिजे. मी काई वंगाळ नाई बोलून राहिली."

रुखमा पानाचं तबक उचलून आत गेली. दुसऱ्या दिवशी तिने तुलारामला पत्र देऊन पवनीला पाठवलं, एका वकिलाच्या कारकुनाकडे. तो संध्याकाळी परतला आणि चप्पल न काढताच ओट्यावर बसला.

"वहिनी, हे इंग्रजी नाई होय."

"मंग गुरुजीनं काय वाचलं?"

"मले काय मालूम!" तुलाराम ओरडलाच. "अक्षरं इंग्रजी हायेत, भाषा दुसरीच हाय. गुरुजीले एक शब्द समजला नसन!"

त्या रात्री रुखमाने गुरुजींना मनातल्या मनात शिव्या दिल्या, मेल्या माणसाला देऊ नयेत अशा. शिवरात्रीला हिरालाल गावी आला आणि फिटरची गोष्ट निघाली.

फिटर आता वरपासून वाचत होता. एक ओळ वाचायची, मोडक्या इंग्रजीत सांगायची, हिरालालने ती घोटून गावच्या बोलीत आणायची, असं चाललं होतं.

"एका पोरीनं लिवलं हाय. बापाच्या वतीनं. त्यायचा मुलूख आपल्यावानीच धानाचा हाय. छावणीतून पळून तुमचे मालक त्यायच्या गोठ्यात लपले होते."

"गोठ्यात?"

"हो. मंग उन्हाळ्यात धानाचे रोपं रोवाच्या दिवसात..." हिरालालने फिटरला दोनदा विचारून खात्री केली आणि त्याला हसू आलं. "डोक्याले रुमाल बांधून बायायच्या पातीत रोवना कराचे मनते. शिपायाले ओळखू नाई याव म्हनून. तिकडेबी रोवना बायायचाच. पोरी लय हासत. पर तुमच्या मालकाची पात सरळ राहे, असं लिवलं हाय."

रुखमाने पदर तोंडाला लावला. "घरी तं कधी धानाच्या पऱ्ह्याले हात नाई लावला त्या माणसानं! बांधावर बसून विडी फुकत राहे." ती हसली. हसताना तिच्या लक्षात आलं की नवऱ्याबद्दल नवीन असं काहीतरी आज किती वर्षांनी कळलं. "मंग?"

"मंग धान कापनं झालं. थंडी पडली. एका सकाळी गावात शिपाई आले. तुमचे मालक..."

फिटर थांबला. त्याने कागद उचलून उजेडासमोर धरला, तिरपा केला, नाकाजवळ नेला. डागाच्या जागी कागद पापडासारखा कडक झाला होता आणि शाई हळदीकुंकवात विरघळून गेली होती. तो थेट डागाखाली गेला.

"...कालव्याच्या काठच्या मोठ्या झाडाखाली. त्यायचं हातातलं कडं बापानं जपून ठेवलं हाय. आमच्या घरी सारेच त्यायची आठवन काढतात. बस. खाली सही."

"झाडाखाली काय?"

"थेच तं नाई दिसत, मावशी."

"मधात किती ओळी हायेत?"

"असतीन पाच-सहा."

"अंदाजानं सांग मना त्याले. लपले होते का झाडाखाली? का तठूनच पळाले? का..."

हिरालालने विचारलं. फिटर मान हलवत राहिला. पुन्हा विचारलं, तेव्हा त्याने दोन्ही हात वर केले आणि एकच वाक्य बोलला.

"तो मनते, जे दिसत नाई थे मी नाई वाचनार."

"मोठा सत्यवादी आला!" तुलाराम उखडला. "आम्ही एवढ्या दूरून आलो तं..."

रुखमाने पत्र ओढून घेतलं. डागावर नख घासलं. लाल भुकटी निघाली आणि तिच्याबरोबर कागदाचा पापुद्राही. फिटरने झटकन तिचं मनगट धरलं, मग ओशाळून सोडलं. ती स्वतःच्या बोटाकडे बघत बसली. सासूने सांगितलं होतं, पण बोट हेच होतं. नवरा सुखरूप राहावा म्हणून दर दसऱ्याला ते तिने दाबून दाबून टेकवलं होतं.

परतीच्या एसटीत तुमसर मागे पडलं. मग तुलाराम हळूच म्हणाला, "वहिनी, दादा खुशाल हाय म्हनूनच सांगून देतो मी. इटलीच्या मानसानं वाचलं मनतो. कुंताबाई का तठी जाऊन पायते?"

"नोको भाऊजी. एक गुरुजी पुरे झाला."

वैशाखात उषाचा मांडव पडला. नवरदेवाची हळद घेऊन कुंताबाई चार बायांसह आली. उषा पाटावर बसली होती. हळदीची वाटी आणि आंब्याची पानं मांडलेली, आणि कोणीच पुढे होत नव्हतं. रुखमा आतून आली. कपाळावर रोजच्याएवढंच कुंकू.

"काय निघालं वो पत्रात?" कुंताबाईने विचारलं. आवाजात टोमणा नव्हता, खरंच जाणून घ्यायचं होतं.

"रोवण्यापासून कापनीपावतचं निघालं."

"अन् त्याच्यापुढं?"

"त्याच्यापुढचं कोनाले वाचता येत असन तं त्यानं वाचावं. पत्र देवापाशी हाय. आना बाहेर."

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. कुंताबाईने देव्हाऱ्याच्या दाराकडे पाहिलं, मग पदर सारखा केला.

"लावा बापा," ती म्हणाली. "पोरगी ताटकळली."

रुखमाने आंब्याचं पान हळदीत बुडवलं. आधी पावलांना, मग गुडघ्यांना, मग खांद्यांना.

"मोठी माय, अंगावर काटा आला माया," उषा पुटपुटली.

"हळद थंडी हाय," रुखमा म्हणाली. "हालू नोको."

बायांनी गाणं धरलं तेव्हा ती देव्हाऱ्यापाशी आली. नवरीच्या हळदीचं बोट देवालाही लावायचं असतं. तिने देवांना बोट लावलं, पायलीला लावलं, आणि सवयीने बोट पत्राकडे गेलं.

ते कागदाच्या वर थांबलं. बाहेर गाण्याचं एक कडवं संपून दुसरं सुरू झालं. रुखमाने पिवळं बोट पदराला नीट पुसलं, मग पत्र उचलून देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर ठेवलं, जिथे सहजी कोणाचा हात पोचत नव्हता.